अंश छापला, छेद राहिला

ऑक्टोबर १९९५. तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने दिला. वर्तमानपत्रांनी नेमका 'दुप्पट' हा शब्द उचलला आणि घाबरलेल्या कित्येक बायकांनी गोळ्या बंद केल्या. त्यानंतरच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्तीचे झाले, असा अंदाज आहे. दुप्पट म्हणजे तरी किती? सात हजार स्त्रियांमागे एकीऐवजी दोघींना. शिवाय गरोदरपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षाही जास्त असतो. बातमी खोटी नव्हती. तिच्यात अंश होता, छेद नव्हता.

वैद्यकीय संशोधन वाचायला पत्रकारांना शिकवण्याच्या गेल्या पाव शतकाचा मागोवा घेताना ही गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. ही सगळी धडपड बातमीतला हरवलेला छेद शोधण्याची होती.

मे १९९८मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या पहिल्या पानावर कर्करोगाच्या दोन आशादायक औषधांची बातमी आली. प्रयोग उंदरांवर झालेले होते. माणसांचा आकडा शून्य. तरीही औषध बनवणाऱ्या एन्ट्रेमेड कंपनीचा शेअर शुक्रवारच्या १२ डॉलरवरून सोमवारी काही काळ ८५ डॉलरवर गेला. माणसांना त्या औषधांनी अपेक्षेइतका गुण कधीच दिला नाही.

छेद गाळण्याचा हा रोग किती पसरला आहे, याची मोजदाद २०००मध्ये पत्रकार रे मॉयनिहन आणि सहकाऱ्यांनी केली. अमेरिकेतल्या २०७ बातम्या त्यांनी तपासल्या. औषधाचा फायदा १२४ बातम्यांनी आकड्यात सांगितला होता. त्यातल्या १०३ बातम्यांत नुसता 'धोका निम्म्यावर' छापाचा सापेक्ष आकडा होता. दुष्परिणामांचा उल्लेख निम्म्याहून कमी ठिकाणी, किमतीचा तीस टक्क्यांत.

मग शिकवणीची वेळ आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००२पासून पत्रकारांसाठी खास अभ्यासवर्ग भरवायला सुरुवात केली. त्यात डार्टमथच्या लिसा श्वार्ट्झ आणि स्टीव्हन वोलोशिन या डॉक्टर जोडप्याचा मोठा वाटा होता. त्यांचा भर संख्याशास्त्राच्या सूत्रांपेक्षा साध्या प्रश्नांवर होता: कितीपैकी किती? कशाच्या तुलनेत? किती काळात? अभ्यास माणसांवर झाला की प्राण्यांवर? एकत्र आढळलेल्या दोन गोष्टींतली एक दुसरीचं कारण आहे, हे कशावरून?

शिकवणीपाठोपाठ परीक्षाही आली. ऑस्ट्रेलियात २००४मध्ये 'मीडिया डॉक्टर' आणि अमेरिकेत २००६मध्ये गॅरी श्विट्झर यांचा 'हेल्थ न्यूज रिव्ह्यू' हा उपक्रम सुरू झाला. पूर्वी टीव्हीवर आरोग्य-पत्रकार असलेले श्विट्झर आणि त्यांचे सहकारी दहा निकष लावून बातम्यांना गुण देत. पहिल्या ५०० बातम्यांचा निकाल असा लागला: किंमत, फायदा, अपाय, पुराव्याचा दर्जा आणि इतर पर्याय या पाचही विषयांत ६२ ते ७७ टक्के बातम्या नापास. २०१८च्या अखेरीस पैसा आटला आणि उपक्रम थांबला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लिसा श्वार्ट्झही गेल्या.

तोवर आणखी एक गोष्ट उघड झाली होती. ब्रिटनमधल्या वीस विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासणारा अभ्यास २०१४मध्ये आला. चाळीस टक्के पत्रकांतला वाचकांना दिलेला सल्ला मूळ संशोधनाहून फुगवलेला होता. पत्रक फुगलेलं असलं की बातमीही बहुधा फुगलेली. आणि फुगवल्याने प्रसिद्धी जास्त मिळते, असा पुरावा काही सापडला नाही! म्हणजे वार्ताहराला दोष देण्याआधी विद्यापीठाचा प्रसिद्धी विभागही वर्गात बसवायला हवा होता.

खरी परीक्षा २०२०मध्ये कोविडच्या साथीत झाली. मार्चमध्ये फ्रान्समधून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाचा जगभर गाजलेला शोधनिबंध आला. त्यात २६ जणांना औषध दिलं होतं, हिशेब मात्र वीसच जणांचा होता. उरलेल्या सहांपैकी तिघे अतिदक्षता विभागात गेले होते, एक दगावला होता, एकाने मळमळीमुळे औषध सोडलं आणि एक रुग्णालयातून निघून गेला. छेद शोधनिबंधातच कापलेला, आणि तसा तिथे लिहिलेलाही. वाचणारा हवा होता. तो निबंध मागे घेतला गेला डिसेंबर २०२४मध्ये.

२०२०च्याच जूनमध्ये डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची बातमी आली, ती भक्कम चाचणीची होती. व्हेंटिलेटरवरच्या शंभर रुग्णांमागे ४१ऐवजी २९ मृत्यू. मात्र ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना या स्टिरॉइडचा फायदा दिसला नव्हता. मथळ्यात पहिलं वाक्य मावतं, दुसरं खाली राहतं. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने कोविड रुग्णांचे डोळे आणि जबडे घेतले, तेव्हा स्टिरॉइडचा बेसुमार वापर हे त्यामागचं एक मोठं कारण असल्याचं डॉक्टर सांगत होते. त्याचं खापर एका मथळ्यावर फोडता येणार नाही. पण 'कोणाला नको' हे सांगणारी ओळ किती मोलाची असते, हे तेव्हा कळलं.

आपल्याकडे युनिसेफने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि थॉमसन रॉयटर्स फाउंडेशन यांच्यासोबत पत्रकारांसाठी पुरावा पारखण्याचा अभ्यासक्रम आणला. पण मराठी बातमीचा छेद वेगळ्याच ठिकाणी गळतो. इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी रात्री डेस्कवर येते. 'धोका कमी होऊ शकतो' यातलं 'शकतो' कॉलमच्या रुंदीत बसत नाही. उपसंपादक 'धोका टळतो' करतो आणि सुटकेसाठी पुढे 'संशोधकांचा दावा' जोडतो. वार्ताहर वर्गात जाऊन आला तरी मथळा देणारा तिथे गेलेला नसतो.

पंचवीस वर्षांत प्रश्नांची यादी तयार झाली, ती शिकवणारी माणसंही झाली. आता ती यादी डेस्कवर यायला हवी. प्रश्न काही परका नाही. व्याजाने पैसे काढायला गेलेला माणूस आपल्याकडे आजही सही करण्याआधी विचारतोच, 'शेकडा किती?'