भुसावळच्या रॉबर्टची कीर्ती

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात उमेदीची वर्षं घालवणारे मेजर रॉबर्ट गिल १८७९ साली वारले. त्यांचं थडगं भुसावळला आहे. गिल आणि त्यांची प्रेयसी पारो यांची कहाणी खानदेशात सगळ्यांना ठाऊक. गिलसाहेबांच्या पहिल्या नावाचं आपल्याशी असलेलं जुनं नातं मात्र फारसं कुणी सांगत नाही.

रॉबर्टचं जुनं जर्मानिक रूप साधारण ‘ह्रोदबेर्ह्त’. ह्रोद म्हणजे कीर्ती, बेर्ह्त म्हणजे तेजस्वी. स्तुती करणे या अर्थाच्या ज्या मूळ धातूतून ह्रोद आला, त्यातूनच संस्कृतातली ‘कीर्ती’ आणि वेदांमधला ‘कारु’, म्हणजे स्तुती गाणारा कवी, आले असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. बेर्ह्त हा ‘भ्राज्’ म्हणजे झळकणे या धातूचा भाऊबंद.

‘क’ कुठे आणि ‘ह’ कुठे? खानदेशी अहिराणी बोलणाऱ्या शिरपूरकराला हे समजावणं सोपं आहे. प्रमाण मराठीत जिथे ळ, तिथे अहिराणीत बहुधा य: डोळा-डोया, काळा-काया, शाळा-शाया. एखाद्या शब्दाला लहर आली म्हणून नव्हे, ओळीने. जर्मानिक भाषांतही मूळ क चा ह झाला, प चा फ, त चा थ. म्हणून पितृ-फादर, त्रि-थ्री. याकोब ग्रिम यांनी १८२२ साली हा नियम मांडला. होय, परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंतले थोरले तेच. दोन शब्द कानाला सारखे लागले की नातं जोडून मोकळं व्हायचं, हा आपल्याकडचा लाडका छंद. त्याला लगाम घालतो तो हा नियम. खऱ्या सग्यांचे चेहरे बहुतेकदा जुळत नाहीतच.

तरी ‘कीर्तीने झळकणारा’ असा रॉबर्टचा अर्थ लावताना जरा जपून. यशोवर्मन्, देवदत्त यांच्यासारखी दोन तुकड्यांची नावं जर्मानिक लोकांतही होती, पण घरातल्या नावांचे तुकडे जुळवून नवं नाव करायची रीत होती. अकराव्या शतकात इंग्लंडमध्ये वुल्फस्टन नावाचे बिशप होऊन गेले. आई वुल्फगिफू, वडील एथेलस्टन. अर्थ लावायला गेलात तर हाती येतो ‘लांडगा-दगड’! (यातला वुल्फ म्हणजे आपल्या वृकोदरातला ‘वृक’.)

फ्रेंच तोंडात ह्रोदचा ह गळला आणि १०६६ नंतर नॉर्मनांनी रॉबर्ट इंग्लंडात रुजवला. ह्रोदची दुसरी फांदी गॉथ लोकांबरोबर स्पेन-पोर्तुगालात गेली आणि तिथून गोव्यात उतरली: रॉड्रिग्ज, म्हणजे रॉड्रिगोचा वंशज. त्यातही ह्रोद आहेच. पुढचा ‘रिक’ हा आपल्या ‘राजन्’चा सगोत्र.