प्राणवायू पिणारा रंग

जुन्या सागवानी खिडकीवर पटाशी तिरपी धरून हलकेच सरकवली, की रंगाची खपली सुटते. तिची कड निरखून पाहावी. वर तपकिरी, मग हिरवा, मग फिकट निळा आणि लाकडाला चिकटून प्राइमरचा गुलाबी थर. महाड-पोलादपूरकडे घराला रंगाचा हात बहुधा गणपतीच्या तोंडावर मारतात, म्हणजे यातला एकेक थर हा घरातला एकेक गणपती. आणि त्यातले कित्येक थर का फसले, याचं उत्तरही त्या मुहूर्तातच आहे.

डिस्टेंपरमधलं पाणी उडालं की तो वाळला. ऑइल पेंटची गोष्ट निराळी. त्यातलं थिनर उडून जातं, पण मागे राहिलेलं तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ तेलाचा चिवट पापुद्रा बनतो. बेलतेलाचा, म्हणजे जवसाच्या तेलाचा, हात वाळताना चक्क वजनाने भरतो! या क्रियेत उष्णताही सुटते. म्हणूनच तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो काडी न लावता पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. बिरवाडीकडे औद्योगिक वसाहत आली, रसायनांचे कारखाने उभे राहिले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून महाडच्या खिडक्यांवर हे रसायनकाम चालू आहे. ते रंग सुकल्यावरही थांबत नाही. वर्षानुवर्षं चालूच राहतं आणि पापुद्रा कडक, ठिसूळ होत जातो.

खालचं लाकूड मात्र हलतं. हवेत 60 टक्के आर्द्रता असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण 11 टक्के पाणी धरतं. 90 टक्क्यांना हेच प्रमाण 20 च्या आसपास जातं. ते फुगतं ते आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे उभी आणि आडवी पट्टी जिथे मिळते, तिथेच रंग आधी तडकतो. भाद्रपदात लाकूड पाण्याने भरलेलं असतं. त्यावर रंग चढवायचा म्हणजे पाणी आत कोंडायचं. ऑक्टोबरचं ऊन लागलं की वाफ बाहेर यायला बघते आणि फोड उठतात. 22 जुलै 2021 ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं. अशा पुरात भिजलेल्या लाकडाला तर महिनोन्महिने वाळू द्यावं लागतं.

सागाची आणखी एक खोड आहे. वाळवीला दूर ठेवणारी त्याच्या अंगातली तेलकट द्रव्यं रंगाच्या वाळण्यातही आडकाठी करतात. प्राइमरआधी उघड्या लाकडावरून थिनरचं फडकं फिरवायचं ते यासाठी.

जुना रंग काढताना ब्लो लॅम्प मात्र नको. घरगुती रंगांत शिशाला दहा लाखांत 90 भागांची मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी. त्याआधीच्या थरांत शिसं बरंच असू शकतं आणि जाळलं की त्याचा धूर छातीत जातो. वॉटर पेपर ओला करून घासावं, लहान मुलांना लांब ठेवावं. तावदानांभोवतीची खडू आणि तेलाची कडक झालेली लांबी (पुट्टी) कडेकडेने सोडवावी. लाटा दिसणारी जुनी काच निघाली तर ती जपून ठेवा. 1950 च्या दशकात वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत आली, त्या पद्धतीने न बनवलेली ती असावी. तशी काच आता सहज मिळत नाही.

गणपतीला खिडक्या नुसत्या पुसून घ्याव्यात. रंगाचं काम शिमगा आटोपल्यावर काढावं. आणि पहिला हात दर्शनी बाजूला न देता झडपेच्या तळाशी, लाकडाच्या कापलेल्या टोकांना द्यावा. पाणी सगळ्यांत भराभर चढतं ते तिथून.