तिसरा हात : बारीक कामात वस्तू स्थिर धरण्याच्या घरगुती युक्त्या

लहान वस्तूंचे झाळकाम किंवा रंगकाम शिकवू लागणाऱ्या शिक्षकास पहिली अडचण येते ती हातांच्या संख्येची. झाळावयाची तार एका हातात, तिला जोडावयाचा भाग दुसऱ्या हातात. मग तापलेले सोल्डरिंग आयर्न कोणी धरावयाचे आणि झाळ कोणी द्यावयाची? कामे चार आणि हात दोन, असा हा हिशेब आहे. शहरातील दुकानांत यासाठी बनविलेली साधने विकत मिळतात. परंतु मुळशी खोऱ्यातील द्विशिक्षकी शाळेने त्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. बांबूची कामटी, कपडे वाळत घालण्याचा चिमटा, नदीतील वाळू आणि केळीचा सोट एवढ्या सामग्रीवर हे काम उत्तम भागते.

प्रस्तुत लेखकास हा विषय महत्त्वाचा वाटू लागला तो एका चुकीमुळे. खोऱ्याच्या वरच्या अंगास असलेल्या एका शाळेत, भर पावसाळ्यात, सातवीच्या मुलांकडून एलईडीचा छोटा दिवा करवून घेण्याचे चालले होते. (या भागातील पाण्यावर भिरा येथे १९२७ पासून वीज तयार होत आली आहे, आणि धरणाकाठच्या मुलास दिव्याची जोडणी ठाऊक नसावी, हे मनास रुचत नव्हते.) एका मुलीने तांब्याची तार सांध्यापासून बोटभर अंतरावर धरली होती. "घट्ट धर, हलू देऊ नकोस," असे मीच तिला सांगितले. तांबे लाकडापेक्षा हजार पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, हे वर्गात शिकवून झालेले होते. पण त्या क्षणी ते माझ्याच ध्यानात राहिले नाही. दोनतीन सेकंदांत तिच्या बोटास चटका बसला, हात हलला, आणि तरीही सांधा जुळलेला दिसला. घरी जाईपर्यंत दिवा लुकलुकू लागला व मग विझला. फोड चार दिवसांत बरा झाला. "मला हे जमत नाही" हा तिचा ग्रह मात्र पुढे दोन महिने टिकला.

सांधा जुळलेला दिसूनही तो कच्चा का राहिला, हे समजून घेतले म्हणजे पुढील युक्त्यांचे मर्म कळेल. शुद्ध कथिल २३२ अंश सेल्सियसला व शिसे ३२७ अंशांना वितळते. दोहोंचे ६०:४० मिश्रण मात्र १८३ अंशांपासून मऊ पडू लागते व सुमारे १९० अंशांना पूर्ण द्रव होते. थंड होताना हाच प्रवास उलट होतो, आणि मधली काही क्षणांची अवस्था पिठल्यासारखी असते. तेवढ्यात तार केसभर जरी हलली तरी गोठणाऱ्या धातूत सूक्ष्म भेगा राहतात. असा सांधा खडबडीत व निस्तेज दिसतो आणि थोड्या धक्क्याने सुटतो. शिसेविरहित झाळीचा चांगला सांधाही काहीसा मंदच दिसतो, म्हणून तेथे चकाकीवर विसंबू नये. हलक्या हाताने ओढून पाहावे.

तेव्हा धरण्याचे साधन करण्यापूर्वी धरण्याची गरजच कमी करावी. दोन्ही तारांची टोके घासून स्वच्छ करावीत, राळ लावावी आणि प्रत्येक टोकावर स्वतंत्रपणे झाळीचा पातळ थर चढवावा. भांड्यांना कल्हई होताना पाहिलेल्या मुलांना हे सांगावेही लागत नाही. नंतर टोकांना आकड्यासारखा बाक देऊन ती एकमेकांत अडकवावीत व पकडीने हलकेच दाबावीत. आता सांधा आपल्या बळावर उभा राहतो, झाळीची तार वेगळी धरावी लागत नाही, आणि आयर्न नुसते टेकविले तरी काम होते. माझ्या मते निम्म्या अडचणी येथेच संपतात.

उरलेल्यांसाठी लाकडी चिमट्यांची फळी करावी. वीतभर लांब फळीवर कपड्यांचे दोन लाकडी चिमटे, तोंडे समोरासमोर येतील असे, मध्ये तीन बोटे अंतर ठेवून बसवावेत. प्रत्येक चिमट्याचा खालचा पाय फळीला सरसाने चिकटवून वर बारीक चूक मारावी. वरचा पाय मोकळा राहिला पाहिजे. प्लास्टिकचे चिमटे वापरू नयेत, आयर्नच्या आचेने ते मऊ होतात. लाकूड फार तर करपते, आणि उष्णता बोटांपर्यंत येऊ देत नाही. फळी हलकी असल्यास तिच्यावर नदीतील एक चपटा गोटा ठेवावा. चिमटाही न मिळाल्यास नुसती पक्कड घेऊन तिच्या मुठींना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी, की ती आपोआप मिटलेली राहते.

बांबूचा चिमटा तर आपल्याकडे फुकटच होतो. वाळलेली कामटी वीतभर घेऊन टोकाकडून दोनतृतीयांश लांबीपर्यंत चिरावी, चीर पुढे जाऊ नये म्हणून तेथे सुतळीने घट्ट बांधावे, आणि टोकाकडून दुसरी सुतळी अशी बांधावी की ती मागेपुढे सरकविता येईल. टोकाकडे सरकविली की पकड आवळते, मागे घेतली की सैल पडते. हे काम मुलांकडूनच करवून घ्यावे. खोऱ्यातील पुष्कळ मुलांचा हात बांबूच्या कामात शिक्षकाहून सरस असतो, असा अनुभव आहे.

धातूचा चिमटा सर्वत्र वाईट असे मात्र नाही. एलईडीचा पाय झाळताना सांधा आणि दिव्याचे डोके यांच्यामध्ये धातूचा लहान चिमटा लावला, तर वर चढणारी उष्णता तो स्वतःकडे ओढून घेतो व दिवा वाचतो. परंतु तोच चिमटा सांध्याला चिकटून लावला, तर सांधा तापतच नाही, आणि मूल आयर्न दाबीत बसते. कोठे उष्णता अडवावयाची आणि कोठे ओढून घ्यावयाची, हे या कामातील खरे विज्ञान होय.

उभ्या वस्तूंसाठी डब्यात वाळू भरून ठेवावी. आपल्याकडील पावसाळ्यात ती ओलसर राहते, आणि ओल्या वाळूवर गरम झाळ पडली म्हणजे वाफेने थेंब उडतात. म्हणून ती तव्यावर भाजून, थंड करून मगच वापरावी.

रंगकामाची गोष्ट निराळी. तेथे उष्णतेचे भय नाही. भय आहे बोटांच्या ठशांचे. बैलपोळ्यासाठी मातीचे बैल करताना माती ओली असतानाच पोटाखालून कामटीच्या टोकाने एक भोक पाडून ठेवावे. बैल वाळला की त्याच भोकात कामटी घट्ट बसवून बैल हाती न घेता चहूबाजूंनी रंगविता येतो, आणि नंतर ती कामटी केळीच्या सोटात खोचून ठेवली की रंग वाळेपर्यंत बैल कोठेही टेकत नाही. मण्यांसाठी खराट्याचे हीर पुरे आहेत. सोट नसल्यास पन्हळी पुठ्ठ्याच्या कडेवरील भोके कामास येतात. बटणासारख्या चपट्या वस्तू लाकडाच्या खुंटीवर मेणबत्तीच्या मेणाने चिकटवाव्यात. सोनार नक्षीकामासाठी दागिना लाखेत बसवितो, त्यातलाच हा प्रकार. मात्र मेण साठ अंशांच्या आसपासच वितळते, म्हणून झाळकामास त्याचा उपयोग नाही. बैलाचे डोळे काढताना ब्रश धरलेल्या हाताची करंगळी फळीवर टेकवावी. थरथर तेवढ्यानेच पुष्कळ कमी होते.

झाळकाम सहावीच्या पुढील मुलांनीच, शिक्षकांच्या नजरेखाली, उघड्या खिडकीजवळ करावे. आयर्नसाठी जाड तारेची गुंडाळी करून बैठक आधी तयार असावी. झाळीत शिसे असते, त्यामुळे काम चालू असता खाणे नको, व काम झाल्यावर साबणाने हात धुणे अनिवार्य. दिव्याचे जास्तीचे पाय कापताना तुकडा डोळ्याकडे उडतो, म्हणून कापावयाचे टोक बोटाने धरून जमिनीकडे वळवावे.

वर सांगितलेल्या मुलीने पुढे दिवाळीनंतर चिमट्यांच्या फळीवर तोच दिवा पुन्हा झाळला. या वेळी तिने दोन्ही हात मोकळे ठेवले होते, आणि सांधा गोठेपर्यंत ती मनातल्या मनात दहा अंक मोजीत होती.

पावसाळ्यात चिमट्यांच्या स्प्रिंगा गंजतात. त्यांना खोबरेल तेलाचा थेंब द्यावा. मात्र तोंडाच्या फटीला तेल लागू देऊ नये, कारण तेलकट तारेवर झाळ बसत नाही आणि तेलकट मण्यावर रंगही धरत नाही.