खेळाडूंचा ताळेबंद

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात खेळाडूचे छायाचित्र तीन वर्षे झळकते. पदवी हाती पडली की संस्थेच्या दप्तरी त्याचा मागमूस उरत नाही. यंदाच्या ढाली मोजायच्या आणि कालचे खेळाडू विसरायचे, हा हिशेब अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला तरी पटण्यासारखा नाही.

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले. त्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. असे प्राचार्य अपवादच म्हणायचे.

आमच्या वऱ्हाडात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक घडविले. मंडळाचे खरे भांडवल मात्र तेथून शिकून गावोगाव गेलेले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होत. मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी, संत्र्याच्या बागांमधून शाळेत येणाऱ्या पोराचा दम प्रथम ओळखतो तो असाच एखादा जुना खेळाडू. शाळेतील ती जागाच रिकामी राहिली, तर महाविद्यालयाने पुढचा संघ कोठून उभारावा?

प्रत्येक क्रीडाविभागाने निदान माजी खेळाडूंची नोंदवही ठेवावी. कोण कोठे शिकवितो, कोणी मैदान सोडले आणि का, एवढे तरी तीत असावे.