शाळेतला आरोग्य उत्सव : आधी महिनाभराची सवय, मग एका दिवसाचा कार्यक्रम

धार : 15 ऑक्टोबर 2014 रोजी, जागतिक हात धुणे दिनाला, मध्य प्रदेशातल्या 51 जिल्ह्यांत मिळून 12 लाख 76 हजार 425 जणांनी साबणाने हात धुतले आणि गिनीज बुकात नोंद झाली. विक्रम एका दिवसात होतो. पण पोटाचे विकार टाळायचे तर दुसऱ्या दिवशीही नळापाशी साबण लागतो. प्राथमिक शाळेत आरोग्य उत्सव ठरवताना नेमकं इथेच गणित चुकतं. प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, चित्रं काढली जातात, शेवटी बिस्किटाचा पुडा हातात देऊन मुलांना घरी पाठवलं जातं.

देशाचा आठवा राष्ट्रीय पोषण माह 17 सप्टेंबर 2025 रोजी धार जिल्ह्यातूनच, बदनावर तहसिलीतल्या भैंसोला गावातून सुरू झाला. साखर, मीठ आणि तेल कमी करा, हा त्यातला एक मुख्य विषय होता. धारच्या शाळेसमोर मात्र प्रश्न दुहेरी आहे. एकीकडे पाच रुपयांचं पाकीट, दुसरीकडे कमी पडणारं रक्त. म्हणून उत्सवाची आखणी आपल्या गावापासून करायला हवी.

आधी तीन गोष्टी तपासा

पहिली, पाणी. धार आणि झाबुआ पट्ट्यात अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या वाचकांना हे दुखणं नवं नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. त्यापुढचं पाणी लहानपणी सतत प्यायलं तर पक्क्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग येतात, पुढे हाडांनाही त्रास होतो. दातांचे डाग म्हणजे मूल दात घासत नाही असं नव्हे, हे शिक्षकांनी आधी समजून घ्यावं. आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. शाळेच्या हातपंपाचं पाणी पंचायतीच्या तपासणी संचाने किंवा लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत तपासून घेणं, ही उत्सवाची पहिली तयारी.

दुसरी, रक्त. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शासनाची गुलाबी लोहगोळी आठवड्यातून एकदा असते, ती जेवणानंतरच द्यायची. जेवल्यावर लगेच चहा प्यायला तर जेवणातलं लोह अंगी कमी लागतं. भिल, भिलाला समाजात सिकलसेलचंही प्रमाण आहे. नर्मदेपलीकडे नंदुरबारातही तेच. हा आजार आईवडिलांकडून येतो, शेजारी बसल्याने लागत नाही. अशा मुलाला लोहगोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

तिसरी, पाकीट. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. दुकानदाराशी भांडण नको. शाळा प्रबंधन समितीच्या (महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समिती) बैठकीला त्यालाच बोलवा, आणि शेंगदाणे, फुटाणे, पेरू ठेवशील का, असं विचारा.

चार आठवड्यांची आखणी

समजा, कार्यक्रम 14 नोव्हेंबरला, बालदिनी आहे. मग काम ऑक्टोबरच्या मध्यापासून, म्हणजे हात धुणे दिनापासूनच सुरू करायचं.

पहिला आठवडा हाताचा. जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. साबण पळतो ही नेहमीची तक्रार. तो जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा. रोज दोन मुलांकडे साबणाची पाळी द्या.

दुसरा आठवडा ताटाचा. मध्याह्न भोजनात, म्हणजे महाराष्ट्रातल्या शालेय पोषण आहारात, प्राथमिकच्या एका मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल धरलेलं असतं. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा हिशेब आहे. चौथी-पाचवीच्या मुलांना तराजू देऊन हे वजन करू द्या. आपल्या वाट्याची भाजी किती, हे एकदा हाताने मोजलं की विसरत नाही. जेवण रांधणाऱ्या स्वसहायता समूहाच्या ताईंना आधी विश्वासात घ्या, नाहीतर त्यांना ही झडती वाटेल.

तिसरा आठवडा साखरेचा. सीबीएसईने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. गावच्या शाळेत त्यासाठी छापील फलक नको. मुलांनी रिकामी पाकिटं आणायची, मागे लिहिलेले साखरेचे ग्रॅम वाचायचे, चारने भागायचे. तेवढे छोटे चमचे साखर कागदावर ओतायची. भागाकाराचा तासही होतो.

चौथा आठवडा खेळाचा. 5 वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लंगडी, खो-खो, दोरउड्या पुरेत.

प्रत्यक्ष दिवशी

भाषणं दहा मिनिटांत आटपा. त्यानंतर मैदानात चार कोपरे करा : हात, ताट, साखर, खेळ. प्रत्येक कोपऱ्यात मुलांनीच आईवडिलांना समजावून सांगायचं. पंधरा-पंधरा मिनिटांनी गट पुढे सरकतो, दीड तासात सगळं उरकतं.

खायला इथलंच ठेवा : मक्याची किंवा ज्वारीची भाकरी, डाळ, शेवग्याची किंवा हिरवी भाजी, सोबत आवळा, पेरू. मांडूची गोरखचिंच मिळाली तर मुलं नाचतच येतील. तिच्यातलं क जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करतं. नियमाप्रमाणे शिक्षकासह दोन-तीन मोठ्यांनी चव घेतल्याशिवाय पंगत वाढू नये.

काही गोष्टी टाळायच्याच. सगळ्यांसमोर वजन करून ‘लठ्ठ’, ‘कुपोषित’ असं म्हणायचं नाही. तपासणीचे निकाल फक्त पालकांना सांगायचे, विशेषतः सिकलसेलचे. सक्तीची धावण्याची शर्यत ठेवू नका. सिकलसेलच्या मुलाला अति दमणं, तहान आणि थंडी यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. पाणी आणि सावली हाताशी असावी. ‘सर्वात निरोगी मूल’ असं बक्षीसही नको. आजारपण हा मुलाचा दोष नसतो.

मग उत्सव झाला कसा, हे कधी कळणार?

14 डिसेंबरला. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी चार गोष्टी बघाव्यात : नळाला साबण आहे का, पाण्याचा तपासणी अहवाल आला का, लोहगोळी दर आठवड्याला जेवणानंतर दिली जाते का, आणि फाटकाशी पेरू-फुटाण्याची टोपली दिसते का. चारपैकी दोन जरी ‘हो’ असतील, तर पुढच्या वर्षीचं काम सोपं झालं. पाण्याचा अहवाल खराब आला असेल, तर तो समितीच्या ठरावासह पंचायतीत द्यावा आणि पोच घ्यावी. कारण बाकी सवयी मुलं लावून घेतील, पण पाण्याचा स्रोत मोठ्यांनाच बदलावा लागतो.