दिल, बॅटरी आणि हिंगोली

तुमच्या सॅकमध्ये काय असतं? लॅपटॉप, चार्जर, डबा. आता कल्पना करा, त्याच सॅकमध्ये तुमच्या हृदयाचं इंजिन आहे आणि ते चोवीस तास टकटक करतंय. म्यूट करायची सोय नाही!

ही सायन्स फिक्शन नाही हं. 1982 मध्ये अमेरिकेत बार्नी क्लार्क या डेंटिस्टला 'जार्विक-7' हे कृत्रिम हृदय बसवलं, तेव्हा ते चालवणारं यंत्र फ्रिजएवढं होतं. क्लार्क त्याला नळ्यांनी जखडलेले 112 दिवस जगले. 2014 मध्ये तिथं मान्यता मिळालेला 'फ्रीडम' ड्रायव्हर मात्र साधारण सहा किलोचा. मिशिगनमधल्या एका तरुणानं असं कृत्रिम हृदय घेऊन 555 दिवस काढले. पाठीवर ही सॅक अडकवून पठ्ठ्या बास्केटबॉलही खेळला! 2016 मध्ये त्याला दात्याचं हृदय मिळालं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र वसमत होतं. हिंगोली जिल्ह्यातलं माझं आजोळ. लहानपणी सुट्टीत गेलं की लोडशेडिंगच्या वेळा आम्हाला पाढ्यांसारख्या पाठ असायच्या. अशा गावात हृदय चार्जिंगला लावायचं?

आपल्याकडे अख्खं हृदय बदलण्यापेक्षा डाव्या कप्प्याला मदत करणारा पंप बसवतात. उदाहरणार्थ 'हार्टमेट 3'. पोटातून एक वायर बाहेर येते, कमरेला कंट्रोलर आणि सोबत दोन बॅटऱ्या. फुल चार्ज असतील तर सतरा तासांपर्यंत चालतात. रात्री झोपताना प्लग भिंतीत. (खर्च? कोटीच्या घरात. तो वेगळाच लेख होईल.)

वजनाचा प्रश्न सुटला, पण खरी गंमत पुढे आहे. वायर जिथून बाहेर येते ती जागा कोरडी, स्वच्छ ठेवायची, म्हणजे विहिरीत पोहणं बाद. रक्त पातळ करणारी गोळी आणि तिच्यासाठी वरचेवर रक्ततपासणी. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे नाडी. हा पंप ठोके देत नाही, रक्त सतत ढकलत राहतो. त्यामुळे मनगटाला बोट लावलं तर बऱ्याचदा काहीच लागत नाही, नेहमीच्या पट्ट्यानं बीपीही नीट मिळत नाही. समजा, असा माणूस कळमनुरीच्या एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडला. कुणीतरी नाडी बघणार आणि मान हलवणार! म्हणून परदेशात पेशंटला घरी सोडण्याआधी घरच्यांना बॅटरी, कंट्रोलर बदलायला शिकवतात, शिवाय तिथल्या अँब्युलन्सवाल्यांनाही कळवून ठेवतात. आपल्याकडे 108 आहे, 2024 पासून हिंगोलीत सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. ही नाडीची भानगड तिथपर्यंत आधी पोचायला हवी. पंप नंतर.

मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. आयुष्यभर शेतातली मोटर सांभाळलेला माणूस, त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "बॅटरी बदलताना पंप बंद पडतो का गं?"

"नाही. एका वेळी एकच काढायची, दुसरी चालू राहते."

"अन् रातच्याला भिंतीकडची वायर उंदरानं कुरतडली तर?"

"अलार्म वाजतो. कंट्रोलरमध्ये छोटी बॅटरी असते, ती पंधरा मिनिटं धरते. तेवढ्यात उठून मोठ्या बॅटऱ्या लावायच्या."

मामा क्षणभर गप्प. मग म्हणाला, "पंधराच मिनिटं? मंग मांजर पाळावं लागंल."