साडेत्रेसष्ट अंशांचं आकाश

कंपासपेटीतला कोनमापक घ्या. तुमच्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीखाली, बाहेरच्या बाजूला, भिंतीच्या पायथ्याशी तो धरा आणि समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे बघा. नजर किती अंश वर गेली? साडेत्रेसष्टाच्या आत असेल, तर शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत तुमची खोली पास झाली असती.

माणसाने राहण्याजोगी खोली कोणती, हे एका कोनावरून सांगता येतं! मला तर हे कळल्यापासून कुठलीही गल्ली साधी दिसत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातले रुग्ण पाहून डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. माणसं शहर सोडून पळू लागली. त्या धक्क्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. गिरण्यांत राबणारी माणसं चाळींत भाड्याने राहत. खोलीला लागून खोली, आणि कित्येक खोल्यांना भरदुपारीही दिवा लावावा लागे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतल्या उजेडावर आणि हवेवर व्याख्यान दिलं. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा त्यांनी ध्यासच घेतला होता. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात हा कोन आधीपासून होता.

पण साडेत्रेसष्टच का? या कोनात उंची आणि अंतर यांचं प्रमाण जवळजवळ नेमकं दोनास एक पडतं. समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल, तर मध्ये वीस फूट मोकळी जागा हवी. गवंड्याला त्रिकोणमिती येण्याची गरज नाही, दोरी पुरते. तळमजल्यावरच्या सगळ्यात गरीब भाडेकरूलाही आभाळाचा एक तुकडा मिळावा, एवढी मोठी गोष्ट त्या दोरीत मावते.

प्लेग अंधाराने नव्हे, उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो, हे पुढे सिद्ध झालं. क्षय आणि कोंदट अंधार यांचं नातं मात्र खरं निघालं. मुंबईत गोवंडी-मानखुर्दला नटवर पारेख कंपाऊंड, लल्लूभाई कंपाऊंड या पुनर्वसन वसाहती आहेत. सात-आठ मजली इमारती आणि मध्ये जेमतेम तीन मीटर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांना तिथे क्षयाचा संबंध उजेड-वाऱ्याच्या अभावाशी जुळताना दिसला, तोही खालच्या मजल्यांवर अधिक. कोन काढून पाहा: ऐंशीच्याही पुढे जातो. ज्यांना झोपडीतून पक्क्या घरात आणलं, त्यांच्या वाट्याला ऑर यांच्या चाळीहून कमी आभाळ आलं, हे मला फार लागतं.

भाडेकरूच्या हक्कांचे कायदे आपल्याकडे पुष्कळ झाले. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तर एक फार छान सोय आहे: नोटीस देऊन पंधरा दिवसांनीही मालक दुरुस्ती करत नसेल, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात रंगसफेदी मालकाची, नळाचा वायसर भाडेकरूचा, इतकी बारीक वाटणी आहे. खोलीत दिवसाचा उजेड किती यावा, यावर त्यात ओळ नाही. पुढचे नियम लिहिणाऱ्यांनी वायसरच्या शेजारी तो कोनही लिहावा, असं मला मनापासून वाटतं.

आता तेलंगणातल्या आपल्या बोथकडे या. मुंबईपासून आपण कितीतरी दूर, पण दोन्ही गावं जवळपास एकाच अक्षांशावर, एकोणीसच्या जरा वर. म्हणजे भरदुपारचा सूर्य दोन्हीकडे सारख्याच उंचीवर असतो: डिसेंबरअखेर क्षितिजापासून सुमारे ४७ अंश, मार्चच्या विषुवदिनी सुमारे ७१. साडेत्रेसष्टाच्या नियमाने बांधलेल्या गल्लीत दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत घ्या. हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या पायथ्यावरून गेलेलं दुपारचं ऊन मार्चच्या सुरुवातीला परत येतं. तीन मीटरच्या फटीत तेच ऊन ऑगस्टअखेर जातं, आणि पुन्हा पायथ्याला टेकायला एप्रिलचा उत्तरार्ध उजाडतो.